सफरचंदांची वाटणी

रानडे रोडवरच्या फळवाल्याकडे मी सहा किलो सफरचंदे मागितली, तेव्हा वजनकाट्याकडे वळण्याआधी त्याने मला एकदा नीट न्याहाळले आणि विचारले, "साहेब, फळवाटप आहे का?" मी नाही म्हटले, पण त्याचा विश्वास बसला नसावा, कारण पुढचा सल्ला त्याने तरीही दिलाच. "वाटपाला लहान नग घ्या, किलोत सात-आठ बसतात. मोठ्यांत चार नगांतच किलो भरतो." सल्ला रास्त होता, माझी गरज मात्र नेमकी उलटी होती. सहा किलो सफरचंदे सोलायची असली, की नग जितके थोडे तितकी सालीची मेहनत आणि गाभ्याची नासाडी कमी होते, म्हणून मला मोठीच हवी होती. त्यातही चार किलो पिवळी गोल्डन आणि दोन किलो हिरवी आंबट सफरचंदे मागितल्यावर त्याने लाल रॉयलच्या चकचकीत राशीवरचा हात मागे घेतला आणि काहीशा करुणेने म्हणाला, "वाटपाला ही कुणी नेत नाही. फोटोत लालच चांगली दिसतात."

पिशव्यांच्या बंदांनी बोटे कापत मी घराकडे चालू लागलो आणि तो प्रश्न माझ्याबरोबर चालू लागला. या शहरात एकरकमी इतकी सफरचंदे घेणारा माणूस कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात शिरणार, हा त्या फळवाल्याचा अनुभवसिद्ध निष्कर्ष होता. केळी कुणीही डझनांनी घेतो, आंबे पेटीने घेतो, संत्री पिशवी भरून घेतो. सफरचंद मात्र घरासाठी किलो-अर्धा किलोच्या पुढे जात नाही. ते मोठ्या संख्येने विकले जाते तेव्हा ते वाटण्यासाठी असते, आणि घेणारा बहुधा खाटेवर असतो. मला कुणा आजाऱ्याला भेटायचे नव्हते, कुणाचा वाढदिवसही नव्हता. मला आमच्या इमारतीतल्या साठ माणसांसाठी ॲपल पाय करायचा होता. पण हे उत्तर त्या दुकानासमोर उभे राहून देण्याचे धैर्य मला झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्या उत्तरात व फळवाटपात नेमका फरक काय, हेही मला चटकन सांगता आले नसते.

आमच्या गिरगावातल्या घरात सफरचंद हे आजारपणाचे फळ होते. कावीळ, टायफॉइड किंवा निदान चार दिवस न उतरणारा ताप असल्याखेरीज ते घरात येत नसे, आणि येई तेही भेटायला आलेल्या पाहुण्यांच्या हातून, खाकी कागदाच्या पिशवीतून. आई ते विळीवर न चिरता सुरीने कापी, कारण विळीला कांद्याचा वास असे. फोडी इतक्या पातळ असत की त्यांतून खिडकीचा उजेड दिसावा. त्या काळ्या पडू नयेत म्हणून मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या असत, आणि त्यामुळे माझ्या लेखी सफरचंदाची मूळ चव किंचित खारटच होती. फळ जात्या खारट नसते हा शोध पुष्कळ उशिरा लागला. रुग्णाला मधल्या जाड फोडी मिळत, घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक पातळ फोड, आणि आम्हा मुलांच्या वाट्याला साली आणि बियांच्या घराभोवतीचा तो कडक, चिवट भाग. तो वाटणीचा न्याय कुणी शिकवलेला नव्हता आणि त्यावर कुणी कधी तक्रारही केली नाही. पण धाकट्या भावाला गोवर निघाला असताना त्याच्या उशाजवळ ठेवलेल्या दोन अख्ख्या सफरचंदांकडे पाहून मला जे वाटले होते, त्याला काळजी म्हणता येणार नाही.

अख्खे सफरचंद एकट्याने खायला मिळावे, यासाठी निदान ताप तरी यावा लागे.

कोजागिरीला आमची सोसायटी गच्चीवर जमते. मसाला दूध ठरलेले, भेळ ठरलेली, आणि गोड पदार्थ दर वर्षी कुणीतरी एकाने अंगावर घ्यायचा असा प्रघात आहे. या वेळी मी हात वर केला. ॲपल पाय सुचण्यामागे तीन कारणे होती. पहिले म्हणजे हंगाम: जुलैत हिमाचलची आणि ऑगस्ट-सप्टेंबरनंतर काश्मीरची सफरचंदे उतरू लागतात, आणि कोजागिरीच्या सुमारास मुंबईच्या गाड्यांवर त्यांचे भाव माणसात येतात. दुसरे म्हणजे या पदार्थाच्या मूळ घडणीतच अंडे नाही. मैदा, लोणी, पाणी, फळ आणि साखर एवढ्यावर तो उभा राहतो. वरून रंग यावा म्हणून अंडे लावतात, पण त्या जागी दूध लावले तरी रंग चांगला येतो. त्यामुळे "यात ते नाही ना?" या प्रश्नाला साठ वेळा निर्धास्तपणे "नाही" म्हणता येते, आणि आमच्या गच्चीवर ही लहानसहान सोय नव्हे. तिसरे कारण थोडे कमी उदात्त होते. मला तो चांगला जमतो आणि लोकांनी तसे म्हणावे, असे मला वाटत होते.

या तिसऱ्या कारणाला पहिला धक्का गणिताने दिला. माझ्या मनातला पाय गोल होता. नऊ इंची, काठाला बोटांनी मुरड घातलेला, मधे वाफ जाण्यासाठी चार रेषा कोरलेला. त्याचे आठ तुकडे होतात. साठ माणसांना आठ पाय लागले असते, आणि माझ्या घरच्या ओव्हनमध्ये एका वेळी एकच मावतो. प्रत्येकाला तासभर धरला तर सकाळी सुरू करून संध्याकाळ झाली असती. एकच प्रचंड गोल पाय करावा, ही कल्पना फक्त चित्रात शोभते. भाजण्याचा वेळ पदार्थाच्या जाडीवर ठरतो, आणि गोल पायाचा घेर वाढवताना उंचीही वाढवली तर बाहेरचे आवरण करपू लागले तरी मधले सफरचंद कच्चेच राहते. शिवाय शिजताना सफरचंद बसते. त्याच्या गरात एक पंचमांशाच्या आसपास नुसती हवा असते. ती निघून गेली की फोडी खाली जातात आणि वरचे आवरण पोकळीवर अधांतरी राहते. नऊ इंचांत ही पोकळी खपून जाते, त्याहून मोठ्या घेरात आवरण कोसळते. म्हणून गर्दीसाठी पाय करणारे लोक गोल आकाराचा मोह सोडतात आणि तो अठरा बाय तेरा इंचांच्या, इंचभर काठाच्या उथळ पत्र्यात पसरतात. उंची तेवढीच ठेवून क्षेत्रफळ कितीही वाढवा, भाजायला वेळ जवळजवळ तितकाच लागतो. एका पत्र्याचे पाच बाय सहा असे तीस चौकोन होतात आणि दोन पत्र्यांत साठ माणसे बसतात.

हे मांडून झाल्यावर माझ्या लक्षात आले की मी इतका वेळ आमच्या घरातलाच एक जुना नियम नव्याने शोधत होतो. घरच्या चार माणसांसाठी लाडू वळतात. पन्नास माणसे जेवायला असली की तेच मिश्रण तूप लावलेल्या परातीत थापतात आणि वड्या पाडतात. हाताने घडवलेला प्रत्येक नग सोडून द्यायचा, सपाट थापायचे, आणि सुरीने सारखे भाग करायचे. वडीला वळलेल्या लाडवाचा दिमाख नसतो, पण तिच्यात एक नागरी समता असते. मुरड घातलेल्या काठांची माझी हौस बाजूला ठेवताना मला थोडे वाईट वाटले, हे मात्र लपवत नाही.

सफरचंदांची निवड हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. गाडीवर दिसणारे लाल, खांद्याकडे रुंद आणि बुडाशी पाच उंचवटे असलेले सफरचंद हे डेलिशस कुळातले, आणि ते आपल्याकडे आले कसे, ही कथा मला दर हंगामात आठवते. फिलाडेल्फियाचा सॅम्युअल स्टोक्स नावाचा सुखवस्तू घरातला तरुण 1904 मध्ये कुष्ठरोग्यांची सेवा करायला म्हणून भारतात आला, सिमल्याच्या पुढे कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केले आणि 1916 मध्ये अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्स यांच्या रोपवाटिकेतून डेलिशसची कलमे आणून लावली. पुढे तो स्वातंत्र्यलढ्यात उतरला, तुरुंगात गेला, हिंदू झाला आणि सत्यानंद झाला. तोवर त्या डोंगरात इंग्रजांनी लावलेली आंबट सफरचंदे होती, पण आपल्या जिभेला ती रुचत नव्हती. गोड डेलिशस आले आणि हिमाचलच्या उतारांचे अर्थशास्त्र बदलले. आपल्याकडे आंबटपणा कैरीला, चिंचेला आणि कोकमाला नेमून दिलेला असल्यामुळे फळाकडून आपण गोडीच मागतो, त्यामुळे हे होणारच होते.

पायला मात्र हेच लाल, गोड सफरचंद सर्वांत कमी उपयोगाचे. त्याचा आम्लपणा फार बेताचा, आणि उष्णता लागली की त्याचा गर पिठूळ होऊन विरघळतो. भाजून झाल्यावर आवरणाच्या आत गोड मुरंबासदृश लगदा उरतो. गोल्डन नावाचे पिवळे सफरचंद नावापुरतेच डेलिशसचे भाऊबंद आहे, त्याचे मूळ झाड वेगळे. दिसायला ते फिके, सालीवर ठिपके असलेले, आणि म्हणून गाडीच्या एका कोपऱ्यात स्वस्तात पडलेले असते, पण त्याची फोड ओव्हनमध्ये आकार धरून ठेवते आणि तिचा वास मधाकडे झुकतो. त्याला धार आणायला हिरवे ग्रॅनी स्मिथ. हे तर 1868 च्या सुमारास सिडनीजवळ एका म्हाताऱ्या बाईंच्या परसात आपोआप उगवलेल्या रोपापासून जगभर गेले, आणि आपल्याकडे बहुतांशी बोटीतून येते. दोन भाग गोल्डन आणि एक भाग हिरवे, हे प्रमाण मला मानवले आहे. काश्मीरचे आंबटसर महाराजी मिळाले तर हिरव्याची गरजही उरत नाही, पण ते उशिरा येते आणि कोजागिरीला गाठ पडेलच याची खात्री नसते.

ऑक्टोबरच्या मुंबईत लोण्याचे आवरण करणे हा मात्र सरळसरळ हवामानाशी मांडलेला दावा आहे. लोणी 32 ते 35 अंशांदरम्यान वितळते, आणि त्या आठवड्यात आमच्या स्वयंपाकघराचे दुपारचे तापमान तेवढेच असते. करंजी किंवा शंकरपाळी करणाऱ्या हातांना मोहन म्हणजे काय हे सांगावे लागत नाही: कडकडीत तूप पिठावर ओतायचे, चोळायचे, मूठ वळून पाहायची. तुपाने पिठाच्या कणांना वेढले की पाणी आत शिरत नाही, चिवटपणा येत नाही आणि पदार्थ खुसखुशीत होतो. पायच्या आवरणाला हा खुसखुशीतपणा हवाच असतो, पण त्याखेरीज त्याला पदरही सुटायला हवे असतात, आणि तिथे थंड लोणी लागते. मटाराएवढे लोण्याचे गोळे पिठात तसेच राहू द्यायचे; लाटताना ते चपटे होतात, आणि ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन दोन थर एकमेकांपासून सुटतात. साजूक तुपात हे पाणी नसते, म्हणून नुसत्या तुपाचे आवरण भुरभुरीत होते पण त्याला पापुद्रे येत नाहीत. साट्याच्या करंजीत आपण हेच काम निराळ्या वाटेने करतो, तूप आणि तांदळाचे पीठ फेसून पोळ्यांच्या मधे लावतो. ज्या बाईने पहिल्यांदा साटा लावला तिला या विज्ञानाची नावे ठाऊक नसतील, पण पदर कसे सुटतात हे तिला नक्की कळले होते.

म्हणून आदल्या रात्री सगळे झोपल्यावर मी कामाला लागलो. दोन पत्र्यांसाठी एक किलो चारशे ग्रॅम मैदा, नऊशे ग्रॅम लोणी आणि साधारण साडेचारशे मिलिलीटर बर्फाचे पाणी. थोडक्यात तीन भाग पीठ, दोन भाग लोणी आणि एक भाग पाणी. मैदा दुपारपासून फ्रीझरमध्ये होता. लोणी खारे असल्यामुळे मीठ वेगळे घातले नाही. परातीखाली दुसऱ्या परातीत बर्फ ठेवून, बोटांच्या टोकांनी, तळव्याची ऊब लागू न देता लोणी पिठात मोडत जाताना रात्रीच्या शांततेत फ्रीजचा घुर्रघुर्र आवाज आणि अधूनमधून शेवटच्या लोकलचा खडखडाट तेवढा ऐकू येत होता. पीठ मळायचे नसते, नुसते गोळा करायचे असते. पोळ्यांची कणीक तिंबायची सवय असलेल्या हातांना ते अर्धवट, भेगाळलेले पीठ तसेच सोडून देणे जड जाते. चार चौकोनी लाद्या करून त्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवल्या. पहाटे, ऊन चढण्याआधी, पापडांसाठी जपून ठेवलेले जाड प्लॅस्टिक जेवणाच्या टेबलावर पसरून त्याच्या दोन पदरांमध्ये त्या लाटल्या. एवढी मोठी पोळी उचलायची तर ती लाटण्याभोवती सैल गुंडाळावी लागते आणि पत्र्यावर नेऊन उलगडावी लागते. हे करताना बायकोने पत्रा धरला होता आणि आम्ही दोघेही काही बोलत नव्हतो.

सोलण्याच्या कामाला मात्र आवाज होता. शेजारची दोन मुले, त्यांची आजी, माझी मुलगी आणि मी, अशी बैठक जमिनीवर वर्तमानपत्रे पसरून बसली. सहा किलो सफरचंदांच्या साली आणि गाभे काढल्यावर जेमतेम पाच किलो फोडी राहतात. त्या चिरता चिरताच तांबूस पडू लागतात, आणि मुलांना त्याची फार काळजी वाटत होती. मी मिठाचे पाणी आणले नाही, लिंबू पिळले. दालचिनीत रंग तसाही लपतो, आणि लिंबाने चवीला मदत होते. फोडींना साखर लावून तासभर ठेवले की त्यांना भरपूर पाणी सुटते. हे पाणी पायात जाऊ दिले तर तळ ओला होतो, आणि इतक्या मोठ्या पत्र्यात ओला तळ म्हणजे तीस माणसांची निराशा. तो रस वेगळा काढून आटवला, त्यात कॉर्नफ्लोअर घालून घट्ट केला आणि परत फोडींवर ओतला. त्याआधी फोडी मोठ्या पातेल्यात मंद आचेवर थोड्या वेळ नुसत्या गरम केल्या. साठ-सत्तर अंशांवर काही काळ ठेवलेल्या सफरचंदाचे पेक्टिन, म्हणजे गर धरून ठेवणारा त्याचा चिकट घटक, घट्ट बांधले जाते आणि नंतर भाजताना फोड विरत नाही. शिवाय जे काय आकसायचे ते पातेल्यातच आकसून घेते.

दालचिनीबरोबर मी जायफळ किसून घातले आणि चिमूटभर केशर. केशर पाहून मुलीने भुवई उंचावली. तिच्या मते मी ॲपल पायचे श्रीखंड करत होतो. पण चौदाव्या शतकातल्या इंग्रजी पाककृतीत सफरचंदांबरोबर अंजीर, मनुका, पेअर आणि मसाले कुटून त्याला केशराचा रंग द्यायला सांगितलेले आहे. साखरेचा त्यात उल्लेख नाही, गोडी सुक्या फळांची, आणि आवरण हे मुख्यतः भाजण्याचे भांडे म्हणून. अमेरिका नकाशावर येण्याच्या शतकभर आधीचा हा पाय आमच्या कोजागिरीच्या दुधाच्या अधिक जवळचा होता, असे मी तिला सांगितले. तिला ते फारसे पटले नाही, पण वास आल्यावर तिने वाद थांबवला.

पत्रे घरच्या ओव्हनमध्ये मावणे शक्यच नव्हते, हे मी आधीच ताडले होते, आणि खरे तर मला तेच हवे होते. लहानपणी दिवाळीच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही घरी मळलेले नानकटाईचे पीठ डब्यात घालून बेकरीत नेत असू. तिथे काळपट पत्रे मिळत. त्यांवर आम्हीच गोळे थापायचे, आपल्या नावाची चिठ्ठी लावायची आणि भट्टीच्या तोंडाशी रांगेत उभे राहायचे. भट्टीतून बाहेर येणाऱ्या झोताने चेहरा तापे, लाकडाच्या धुराने डोळे चुरचुरत आणि लांब दांड्याच्या फळीवरून कुणाचा पत्रा येतो याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले असत. दुसऱ्याच्या नानकटाईला आपल्यापेक्षा चांगला रंग आला की घरी येईपर्यंत मन खट्टू होई. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, तेव्हा शहराच्या हवेचा विचार करता ते योग्यच आहे असे मी म्हटले, आणि त्याच वेळी त्या धुराच्या वासाची मला आठवण झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकाच वेळी वाटू शकतात.

आमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीत आता गॅसची भट्टी आहे. दुपारच्या पावाची खेप निघाल्यावर तासभर ती मोकळी असते, आणि त्या वेळात माझे दोन पत्रे भाजून द्यायला तिथले भट्टीवाले चाचा तयार झाले. त्यांनी पत्र्यावरचे दुधाने माखलेले आवरण पाहिले, वाफेसाठी पाडलेल्या तिरक्या चिरा मोजल्या आणि त्या पुरेशा नाहीत असे सांगून स्वतःच्या सुरीने आणखी काही पाडल्या. मी आदराने गप्प बसलो. पत्रे त्यांनी जाळीवर न ठेवता थेट भट्टीच्या तापलेल्या लादीवर सरकवले. घरच्या ओव्हनमध्ये पायचा तळ हीच नेहमीची दुखरी जागा. वरून सोनेरी आणि खालून पांढरट. लादीची उष्णता थेट पत्र्याला मिळाली की तळाचे आवरण रस सुटायच्या आतच धरते. अर्ध्या तासाने त्यांनी पत्रे आतबाहेर फिरवले, आणि पन्नासेक मिनिटांनी चिरांमधून दाट, फुगे येणारा रस वर आला तेव्हा बाहेर ओढले. पावाच्या गाड्यावर थांबलेल्या दोघांनी हे काय आहे आणि किती रुपयांना आहे, असे विचारले. चाचांनी परस्पर सांगितले की हे विकायचे नाही, सोसायटीत वाटायचे आहे.

गरम पाय कापायचा नसतो. आतला रस घट्ट व्हायला तीन-चार तास लागतात, आणि तेवढा वेळ लोकांना वासावर थांबवणे हे भाजण्यापेक्षा कठीण असते. त्या मधल्या वेळात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पत्रे पाहायला आल्या आणि त्यांनी एक वेगळाच मुद्दा काढला. "अरे, दुधाबरोबर फळ? आणि तेही आंबट? विरुद्धाशन आहे ते." आयुर्वेदाचा हा नियम आमच्या इमारतीत अजून जिवंत आहे, आणि तो मोडून कोजागिरी साजरी करण्याची माझीही इच्छा नव्हती. "काकू, पाय आधी वाटू. दूध चंद्र डोक्यावर आल्यावर, मध्यरात्री," असे मी म्हटले. त्यांनी मनातल्या मनात तासांचा हिशेब केला आणि परवानगी दिली.

कापायला घेतल्यावर मात्र मी ज्या समतेवर इतका खूश होतो तिला तडे गेले. पत्र्याचे तीस चौकोन कागदावर सारखे असतात, प्रत्यक्षात नसतात. चार कोपऱ्यांना दोन बाजूंनी कडक काठ, कडेच्या चौकोनांना एका बाजूने, आणि मधल्या बारांना काठच नाही, नुसता वरखाली मऊ पापुद्रा आणि भरपूर फळ. मला वाटले होते की मधले चौकोन मानाचे ठरतील. मुलांनी कोपऱ्यांसाठी धक्काबुक्की सुरू केली. दोन पत्र्यांचे आठ कोपरे आणि मुले त्याहून बरीच जास्त, तेव्हा चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. ज्येष्ठांनी मात्र न सांगता मधल्या भागाकडे बोट दाखवले, कारण कडक काठ दातांना झेपत नव्हता. म्हणजे आमच्या गिरगावातली वाटणी इथे जशीच्या तशी अवतरली होती: बियांभोवतीचा चिवट भाग मुलांना आणि मधली जाड फोड नाजूक प्रकृतीच्या माणसांना. एवढाच फरक, की या वेळी कडक भागासाठी मुले भांडत होती. कागदी वाट्यांतून चौकोन पुढे सरकवत रांगेच्या टोकाशी उभा असताना माझ्या मनात आले, की फळवाल्याचे काही चुकले नव्हते. हे फळवाटपच होते, फोटोसकट. सेक्रेटरींनी मला पत्र्याजवळ उभे करून एक काढलाही, आणि त्यात मी जरा अधिकच हसतो आहे.

लोक काय म्हणाले हे मला ऐकायचे होते, आणि ते म्हणालेही. पण साठ माणसांचा प्रतिसाद हा गोल पायाच्या आठ माणसांसारखा नसतो. कुणी पाहुणा पहिला घास घेऊन डोळे मिटत नाही. लोक गप्पा मारत खातात, एकीकडे भेळेची चटणी संपली म्हणून ओरडतात, वाटी कठड्यावर ठेवतात आणि परत येऊन उरलेले संपवतात. पदार्थ आहे म्हणून खाल्ला जातो, करणारा विसरला जातो. पहिली दहा मिनिटे हे मला लागले. नंतर कुणीतरी मला दूध ढवळायला बोलावले, आणि त्या मोठ्या पातेल्यापुढे उभे राहिल्यावर लागण्याइतकी सवड राहिली नाही.

रात्री उशिरा, खुर्च्या आवरताना, काकूंनी मला बाजूला घेतले. त्यांचा मुलगा आणि सून परदेशी असतात. घरात त्या आणि काका. "मोहन छान होते," त्या म्हणाल्या, आणि मी तो शब्द दुरुस्त करायच्या भानगडीत पडलो नाही. "मला कृती दे, पण साठ माणसांची नको. आम्ही दोघेच." मी मोठ्या आत्मविश्वासाने सुरुवात केली: पाऊण वाटी मैदा, एक मोठे सफरचंद, आणि लोणी... इथे अडखळलो. एका सफरचंदाचा रस आटवायचा तर पळीभरही निघत नाही. एवढ्याशा पिठात लोणी मोडेपर्यंत ते वितळलेले असते. आणि तळव्याएवढ्या पायसाठी ओव्हन मात्र तितकाच वेळ तापवावा लागतो. मोठ्याचे लहान करणे हे लहानाचे मोठे करण्यापेक्षा अवघड असते, हे मला त्यांच्यासमोर बोलता बोलता कळत गेले. मी वाटीतला पाय सुचवला, वर नुसते झाकण असलेला. काकूंनी थोडा विचार केला आणि मान हलवली. "एवढ्याशासाठी भट्टी कोण पेटवणार? त्यापेक्षा पुढच्या वेळी मी दोन सफरचंदे आणून देते, ती तुझ्या पत्र्यात घाल."

मी त्यांना गोल्डनच आणायला सांगून ठेवले आहे, आणि रॉयल आणले तर शिरा करा, असेही.